पाण्याची उडी

मामंजी पाणी कानानं ओळखायचे. मैलापूरच्या आमच्या घरी पहाटे संपात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, पाणी यायला लागलं की अंथरुणातूनच सांगायचे, "आज जोर नाही, बोटभर धार आहे." मी जाऊन झाकण उघडून बघायची, तर खरोखरच बोटभर धार. गच्चीवरची टाकी भरत आली की पाण्याचा आवाज जाड होतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. त्याआधी तेवीस वर्षं मी कराडला, कृष्णा-कोयनेच्या काठावर काढली होती, पण पाण्याकडे असं कान देऊन कधी ऐकलं नव्हतं.

हे कान त्यांना निलगिरीत मिळाले. मामंजींचा जन्म १९३३चा, उटीतला. त्यांचे वडील, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणत, मद्रास सरकारच्या वीज खात्यात स्टोअरकीपर होते आणि त्यांची नेमणूक पायकारा प्रकल्पावर होती. त्यामुळे मामंजींच्या आयुष्यातली पहिली तेरा वर्षं ग्लेन मॉर्गनच्या धुक्यात आणि सिंगाऱ्याच्या जंगलात गेली. घरचे लोक मूळ तंजावरचे. व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास तंजावरात गादी स्थापली, तेव्हा जी मराठी माणसं कावेरीकाठी उतरली, त्यांच्यातले. राज्य १८५५ साली गेलं, भाषा राहिली. मी १९८३ साली लग्न होऊन या घरात आले, तेव्हा मामंजी मला म्हणाले होते, "तू बोलतेस ते पुस्तकासारखं वाटतं." मला मात्र त्यांचं बोलणं आमच्या घरातल्या जुन्या पोथ्यांसारखं वाटत होतं. 'आम्ही गेलों', 'आम्ही पाहिलों', असा प्रत्येक क्रियापदाच्या शेवटी थोडासा नाकातला सूर, आणि वाक्याच्या मधोमध सहज येऊन बसलेला एखादा तमिळ शब्द.

त्यांच्या गोष्टी मी तुकड्यातुकड्यांनी चाळीस वर्षं ऐकल्या, पण सलग ऐकल्या त्या डिसेंबर २०२३मध्ये. मिचाँग चक्रीवादळानं चेन्नई बुडाली होती. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी होतं आणि दोन रात्री वीज नव्हती. साचलेल्या पाण्यात तारा जिवंत ठेवणं धोक्याचं, म्हणून शहरात ठिकठिकाणी वीज बंदच ठेवली होती. मामंजी नव्वद वर्षांचे. एक मेणबत्ती, मच्छरदाणी, आणि बाहेर नुसतं पाणी. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एवढं पाणी, पण निजलेलं पाणी. ह्याला उडी नाही."

सगळी जलविद्युत त्यांनी त्या एका शब्दात सांगितली होती. चेन्नई समुद्रसपाटीपासून सरासरी सहा-सात मीटर उंच. इथं कितीही पाऊस पडला तरी पाण्याला पडायला जागा नाही. ते रस्त्यात, तळघरात, तळ्यांच्या जागी बांधलेल्या वसाहतींत बसून राहतं. वीज हवी तर पाणी किती आहे याच्याइतकंच ते किती उंचावरून पडतं हे महत्त्वाचं. पाणी थोडं असलं तर उंची हवी, उंची कमी असली तर पाणी भरपूर हवं. दोन्हींचा गुणाकार मोठा असला की काम झालं.

पायकाऱ्याला उंची अशी होती की जगातले इंजिनिअर बघायला यावेत. ३०८० फूट, म्हणजे ९३९ मीटर. मुकुर्तीच्या शिखराजवळ उगम पावलेली ही नदी निलगिरीच्या पठारावर मऊ गवतातून संथ वाहते आणि पठार संपतं तिथं एकदम खाली झेपावते. तिचं पाणी वरच अडवून कालव्यानं ग्लेन मॉर्गनच्या कड्यापर्यंत आणलं, आणि तिथून पोलादी नळांत घालून खाली सिंगाऱ्याच्या वीजघरात सोडलं. १९२९च्या सुमारास काम जोरात सुरू झालं आणि १९३२ साली यंत्रं फिरू लागली. पहिली तीन जनित्रं मिळून साधारण २० मेगावॉट. सर सी. पी. रामस्वामी अय्यर मद्रास सरकारात होते तेव्हा त्यांनी ही योजना नेटानं पुढे रेटली होती. ते मैलापूरच्या अंगणातलेच, त्यामुळे आमच्या घरी त्यांचं नाव नेहमी घरच्या माणसासारखं निघायचं.

"आप्पा आम्हाला नळाजवळ जाऊ द्यायचे नाहीत," मामंजी सांगत होते. "एकदा मात्र स्वतः नेलं." नळाच्या एका सांध्यातून सुईएवढी धार सुटली होती. लांबून दिसतही नव्हती, नुसता शिट्टीसारखा आवाज येत होता आणि दहा हातांवर धुकं उडत होतं. आप्पांनी हातातली वेताची काठी त्या जागी धरली. काठी मोडली नाही, कापली गेली. चाकूनं कापावी तशी. सात-आठ वर्षांच्या पोरानं ते बघितलं आणि नव्वदीत मेणबत्तीच्या उजेडात दोन बोटं एकमेकांवर घासून तो काप मला दाखवला.

नंतर मी हिशेब करून पाहिला. ९३९ मीटर पाण्याच्या उभ्या स्तंभाचा तळाशी दाब हवेच्या दाबाच्या नव्वद पटींहून जास्त होतो. तोटीतून सुटणारी धार, घर्षणात काही गेलं नाही असं धरलं तर, ताशी जवळजवळ ४९० किलोमीटर वेगानं बाहेर पडते. ही धार चाकाच्या परिघावर बसवलेल्या पोलादी वाट्यांवर आदळते. प्रत्येक वाटी म्हणजे खरं तर दोन वाट्या शेजारी शेजारी, मध्ये एक धारदार कणा. धार त्या कण्यावर दुभंगते, दोन्ही वाट्यांतून वळसा घेते आणि आपला सगळा जोर तिथंच ठेवून खाली गळून पडते. हे पेल्टनचं चाक. लेस्टर पेल्टन नावाच्या सुतारकाम जाणणाऱ्या माणसानं कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींच्या मुलखात ते घडवलं आणि १८८०मध्ये त्याचं पेटंट घेतलं. चाकाखालचं पाणी बघायला मामंजींना फार आवडायचं. नळात जे काठी कापत होतं तेच पाणी चाकाखालून बाहेर आलं की ओढ्यासारखं वाहायचं, मुलं त्यात पाय सोडून बसायची. "जोर कुठं गेला, असं मी आप्पांना विचारलों. आप्पा म्हणाले, कोइमतूरला गेला."

खरंच गेला. पायकाऱ्याची वीज कोइमतूरला पोचली आणि तिथं कापडगिरण्यांची रांग लागली. विहिरींवर विजेचे पंप बसले. १९३७ साली जी. डी. नायडू आणि डी. बालसुंदरम नायडू यांनी तिथंच भारतीय बनावटीची विजेची मोटर तयार केली. आज आमच्या घरचं संपाचं पाणी गच्चीवर चढवणारी मोटर कोइमतूरचीच आहे. मामंजी तिला 'आप्पांची सून' म्हणायचे.

पण मला या गोष्टींत जे सगळ्यांत जवळचं वाटतं, ते मोठं वीजघर नाही. ते आहे त्याच्या आधीचं छोटं.

एवढा मोठा प्रकल्प डोंगरात उभा करायचा तर बांधकामालाच वीज लागते. बोगद्यात दिवे हवेत, दगड फोडायची यंत्रं, दुरुस्तीचं वर्कशॉप आणि सामान खाली उतरवणारा विंच, सगळ्यांना वीज हवी. आणि तिथं वीज आणायची कुठून? त्या डोंगरापर्यंत तार नाही. म्हणून आधी ग्लेन मॉर्गनलाच ओढ्यावर एक लहानसं वीजघर उभारलं गेलं. आप्पा तिथं रुजू झाले तेव्हा ते चाक फिरत होतं. पायकारा सुरू झाला आणि ते मागे पडलं. घर बांधून झालं की परांची सोडवतात, त्यातलीच ती गत. मोठ्या प्रकल्पाचे फोटो, कोनशिला, व्हाइसरॉय आणि गव्हर्नर यांची नावं कुठं ना कुठं सापडतात. त्या परांचीची आठवण मात्र अशा एखाद्या म्हाताऱ्याकडेच उरते.

खरं तर आपल्याकडच्या विजेची सुरुवातच अशा लहान आणि आडबाजूच्या जागांतून झाली. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला १० नोव्हेंबर १८९७ रोजी देशातलं पहिलं जलविद्युत केंद्र सुरू झालं, ते सगळं मिळून १३० किलोवॉटचं. आमच्या शेजारच्या अपार्टमेंटच्या तळाशी जो डिझेलचा जनरेटर आहे, तो साधारण तेवढाच. निलगिरीतही पायकाऱ्याच्या पुष्कळ आधी, कुन्नूरजवळच्या कटेरी धबधब्याचं पाणी वापरून अरुवंकाडूच्या कॉर्डाइट कारखान्यासाठी वीज काढली जात होती. तो कारखाना १९०३-०४चा. खंदकांत लढणाऱ्या फौजेला लागणारी बंदुकीची दारू त्या धबधब्याच्या जोरावर तयार व्हायची. आणि चहाचे मळे तर होतेच. आप्पा रविवारी एका मळ्यात जात. तिथल्या चहाच्या कारखान्यात पानं चुरडायची रूळयंत्रं एका लहानशा पाणचक्कीवर फिरत. मामंजींना तिथला वास आठवत होता. ओल्या हिरव्या पानांचा, गरम तेलाचा, आणि चाकाभोवती दगडांवर वाढलेल्या शेवाळाचा.

सिंगाऱ्याला जाणं म्हणजे मोठं दिव्य होतं. ग्लेन मॉर्गनहून कड्यावरून खाली रुळांवर एक ट्रॉली पोलादी दोरानं सोडत. यंत्राचे भाग, सिमेंट, तांदूळ आणि माणसं त्याच ट्रॉलीनं उतरत. वरून निघताना लोकरीचे स्वेटर, खाली पोचेपर्यंत घामाच्या धारा. वर थंडी आणि जळवा, खाली हत्ती आणि मलेरिया. मामंजींच्या आईनं दोन मुलं त्या तापात गमावली. हे ते फार क्वचित सांगत. त्या रात्री सांगितलं. क्विनाइनच्या गोळ्यांचा कडवटपणा जिभेवरून अजून जात नाही, असं म्हणून ते पाणी प्याले आणि पुन्हा ट्रॉलीच्या गोष्टीकडे वळले.

वरच्या पठारावर तोड्यांचे मंद, म्हणजे अर्ध्या पिंपासारख्या कमानीच्या झोपड्यांच्या वाड्या, जवळच होत्या. तोडा लोकांना पायकारा नदी पवित्र. तांबड्या-काळ्या भरतकामाची जाड शाल पांघरलेला एक म्हातारा मामंजींच्या घरी म्हशीच्या दुधाचं लोणी घेऊन यायचा. एकदा त्यानं आप्पांना विचारलं, तुम्ही आमची नदी नळात कोंडून कुठं नेता? आप्पांनी त्याला उत्तर दिलं ते मामंजींना पाठ होतं, आणि त्यांच्या बोलीतच ते ऐकावं: "पाणी आम्ही खातों नाही, पुढं सोडतों. त्याची उडी तेवढी घेतों."

म्हातारा समजला की नाही कोण जाणे. त्याच्यासाठी पवित्र होती ती बहुधा उडीच असेल. पण आप्पा खोटं बोलले नव्हते. सिंगाऱ्याच्या चाकाखालून निघालेलं पाणी मोयार नदीत जातं. पुढं १९५२ साली त्याच पाण्यावर मोयारचं ३६ मेगावॉटचं वीजघर झालं. मोयार भवानीला मिळते. भवानी ही भवानी गावाजवळ कूडुतुरैला कावेरीला मिळते. आणि कावेरी तिरुच्चीवरून, कल्लणैच्या जुन्या बंधाऱ्यावरून तंजावरच्या भाताच्या शेतांत. आप्पांचं वडिलोपार्जित घर तिथंच, एका कालव्याच्या काठी. आपण ज्याची उडी घेतली तेच पाणी चार-सहा दिवसांनी आपल्या आजीच्या दारातून जाणार, याचं त्यांना फार समाधान होतं. सुट्टीत तंजावरला गेले की कालव्यात हात बुडवून मुलांना म्हणत, हे बघा, आपलं पाणी.

हे ऐकताना मला कराडचे माझे आजोबा आठवत होते. मामंजींना मी त्या रात्री त्यांची गोष्ट सांगितली. आमच्याकडे कोयना. १९६२ साली पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा आजोबांनी पेढे वाटले होते. महाराष्ट्राच्या घराघरांत उजेड देणारी नदी आपल्या प्रीतिसंगमावर येते, हा त्यांचा अभिमान. पण कोयनेची उडी पूर्वेला नाही, पश्चिमेला आहे. सह्याद्रीचा कडा कोकणच्या बाजूला, त्यामुळे धरणाचं पाणी बोगद्यातून पोफळीच्या बाजूला उतरवलं आणि तिथून ते वाशिष्ठीतून चिपळूणला, समुद्राकडे. कृष्णेच्या खोऱ्यातलं ६७.५ टीएमसी पाणी दरवर्षी असं पश्चिमेला वळवायची परवानगी कृष्णा पाणीवाटप लवादानं दिली. महाराष्ट्राला १९६० मेगावॉट मिळाले, त्यावर गिरण्या चालल्या, मुंबई चालली, आणि मी अभ्यास केला तोही त्याच उजेडात. कोयनेबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण तिथं पाणी परत येत नाही. आजोबा म्हातारपणी संगमावर उभे राहून कोयनेच्या बाजूला बघत राहत. आणि धरणात ज्यांची गावं गेली, त्यांतली कितीतरी कुटुंबं पुनर्वसनासाठी माझ्या पिढीतही मोर्चे काढत राहिली. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. आजीनं मला उचलून अंगणात आणलं तो गारठा अजून अंगावर आहे.

मामंजी सगळं ऐकून म्हणाले, "मोठं चाक फिरवायचं तर मोठं काहीतरी बुडवावं लागतं. लहान चाकाला ओढा पुरतो."

लहान चाकाचं त्यांचं प्रेम नुसतं आठवणींचं नव्हतं. निवृत्तीनंतर ते कर्नाटकातल्या मलनाडात एका स्नेह्यांच्या सुपारीच्या बागेत राहून आले होते आणि महिनाभर तेच बोलत होते. त्या डोंगरांत पावसाळ्यात तारा पडतात, आठ-आठ दिवस वीज नसते. तिथं अनेक घरांनी मागच्या ओढ्यावर एक किलोवॉटची चिमुकली यंत्रं बसवली आहेत. दीड-दोन हातांचं यंत्र, घरचा माणूस एकटा साफ करू शकेल असं. वर ओढ्यात दगडांचा छोटासा बांध, तोंडाला जाळी, तिथून पीव्हीसीचा पाइप उतारावर चाळीसेक मीटर खाली, आणि तळाशी चाक. सेकंदाला पाच लिटर पाणी, म्हणजे दोन सेकंदांना एक कळशी. एवढ्यात घरातले दिवे, टीव्ही, मिक्सर, फोन सगळं चालतं. पाणी पुन्हा ओढ्यात, आणि ओढा बागेत.

मामंजींना त्यातली एक गोष्ट फार भावली होती. ओढ्याचं पाणी रात्रंदिवस सारखंच येतं, पण घरातले लोक दिवे मालवून झोपतात. मग चाकाचा जोर जाणार कुठं? भार अचानक कमी झाला तर चाक भलत्याच वेगानं फिरायला लागेल आणि व्होल्टेज चढेल. म्हणून तिथं एक नियंत्रक बसवतात. घरात जेवढी वीज लागत नाही तेवढी तो पाण्याच्या पिंपात बुडवलेल्या हीटरकडे वळवतो. त्यामुळे घर झोपलं की पाणी तापतं, आणि पहाटे आंघोळीला कढत पाणी तयार. सिंगाऱ्याच्या अवाढव्य वीजघरात जे काम धार वळवणारे पोलादी पडदे आणि तेलाच्या दाबावर चालणारे गव्हर्नर करत, ते इथं हाताच्या पंज्याएवढ्या सर्किटनं केलं होतं. "आप्पांना दाखवायला हवं होतं," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत.

आज सरकारी भाषेत २५ मेगावॉटपर्यंतच्या जलविद्युतीला लघु म्हणतात, दोन मेगावॉटपर्यंत मिनी, १०० किलोवॉटपर्यंत सूक्ष्म. म्हणजे वीस मेगावॉटचा मूळ पायकाराही आज लघु ठरला असता. त्याच नदीवर मुकुर्तीला आणि मसिनगुडीजवळ मरवकंडीला एका मेगावॉटहूनही लहान अशी केंद्रं आहेत, आणि दुसऱ्या टोकाला २००५ साली सुरू झालेलं पायकाऱ्याचं १५० मेगावॉटचं भूमिगत केंद्र. मला यातली लहान केंद्रं जास्त व्हावीत असं मनापासून वाटतं, विशेषतः आपल्या सह्याद्रीत, जिथं पावसाळ्यात प्रत्येक वाडीमागे ओढा उड्या मारत असतो आणि वाडीत अंधार असतो. उन्हाळ्यात ते ओढे आटतात हे मला माहीत आहे. पण सह्याद्रीत वीज जाते ती नेमकी पावसाळ्यात. तेव्हा सौर पाट्यांवर ढग असतात आणि ओढ्याला जोर असतो.

मामंजी त्या वादळाच्या पुढच्या वर्षी गेले. त्यांच्या पेटीत एक कापडी बांधणीची वही निघाली, आप्पांच्या घरखर्चाची. अक्षर मोडी. घरात कोणालाच वाचता येईना, म्हणून यांनी ती माझ्या हातात दिली. कराडच्या आजोबांनी लहानपणी मला मोडी गिरवायला लावली होती. ते किती विसरले होते ते त्या दिवशी कळलं. तीन महिने रोज दुपारी भिंग घेऊन बसले तेव्हा ओळी हळूहळू उलगडल्या.

वही १९३०पासून सुरू होते, छावणीतल्या पहिल्या दिवसांपासून. तांदूळ, तूरडाळ, चिंच, कोइनेलच्या गोळ्या (क्विनाइनला आप्पा असंच लिहीत), म्हशीचं लोणी. आणि दर आठवड्याला घासलेट, दोन बाटल्या. तीन पानं असं चालतं. चौथ्या पानापासून घासलेट नाही. छोट्या चाकाची तार छावणीपर्यंत आली असणार, त्याशिवाय दुसरं कारण दिसत नाही. त्याबद्दल आप्पांनी एक शब्दही लिहिलेला नाही, नुसती नोंद थांबली आहे. पुढं सोळा वर्षं, ग्लेन मॉर्गन काय आणि सिंगारा काय, हत्तींच्या वाटेवरच्या त्या घरांत घासलेट आलेलं नाही.

१९४६ साली आप्पांची बदली मद्रासला झाली. शहरात १८९५पासून विजेच्या ट्राम धावत होत्या, बेसिन ब्रिजच्या वीजघरात कोळसा जळत होता. त्यांनी मैलापुरात एका बोळात दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं. त्या महिन्याच्या पानावर वरून दुसरी नोंद अशी आहे: घासलेट, दोन बाटल्या.